चारशे बारा फोटो आणि ‘फाइल उघडत नाही’

आमच्या गावच्या वाचनालयाची शताब्दी स्मरणिका २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी प्रकाशित झाली. तिच्यातल्या फोटोंचं काम माझ्याकडे होतं. काम सांगताना दोन शब्दांचं वाटतं, ‘फोटो जेपीजी करून दे’, पण त्याला जवळजवळ दोन आठवडे लागले. त्यातले काही दिवस चुकीच्या वाटेवर गेले. शाळा, देवस्थानं, मंडळं, सगळीकडे आता जुने फोटो वेबसाइटवर असतात आणि छापायची वेळ आली की हीच अडचण येते. म्हणून घडलं तसं लिहून ठेवते आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार. रात्री काकांचा फोन आला. काका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहेत. “प्रेसवाला म्हणतो एकही फोटो उघडत नाही. सगळा पेनड्राईव्ह वाया गेला की काय?” आवाज अगदी उतरलेला. त्यांना म्हटलं, त्यातला एक फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पण फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. (हे कायम लक्षात ठेवा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल आहे तशी येते.) फाइल आली आणि नावाच्या शेवटी ‘वेबपी’ दिसलं.

वेबपी हा गूगलने सप्टेंबर २०१० मध्ये आणलेला फोटोचा प्रकार. व्हिडिओ दाबून लहान करण्याचं जे तंत्र होतं, तेच एका चित्राला लावलेलं. गूगलच्या म्हणण्यानुसार त्याच दर्जाच्या जेपीजीपेक्षा ही फाइल २५ ते ३४ टक्के लहान होते. त्यामुळे वेबसाइट पटकन उघडते आणि गावाकडच्या नेटवर्कवर तर हा फरक चांगलाच जाणवतो. अडचण इतकीच, की हा प्रकार वेबसाठी जन्मला आणि बाकीच्या जगाने त्याला हळूहळू घरात घेतलं. फायरफॉक्समध्ये तो २०१९ ला दिसू लागला, सफारीमध्ये २०२० ला, आणि फोटोशॉपमध्ये वेगळं प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) न टाकता उघडायला २०२२ उजाडलं. जेपीजीचं मानक १९९२ चं आहे. आज कुठल्याही दुकानातला कुठलाही संगणक जेपीजी उघडतो. रत्नागिरीच्या ज्या प्रेसमध्ये स्मरणिका होती, तिथलं डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं लावायचं, सॉफ्टवेअर बरंच जुनं. ते वेबपी ओळखणार नाही, हे उघडच होतं.

वाचनालयाची वेबसाइट २०२१ मध्ये गावातल्याच एका मुलाने वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, करून दिली होती. तेव्हा फोटो ज्या संगणकावर होते, त्याची हार्डडिस्क पुढे बिघडली. उरले ते वेबसाइटवरचेच फोटो. ग्रंथपाल बाईंनी आठ दिवस बसून, एकेका फोटोवर राइट क्लिक करून, ते सगळे सेव्ह केले होते. चारशे बारा. प्रत्येकाला मराठीत नाव दिलेलं: ‘उद्घाटन १९७६’, ‘बालवाचक स्पर्धा’, ‘जुनी इमारत १९५७’. त्यांनी घेतलेले कष्ट आठवले की अजूनही भरून येतं. ही मेहनत वाया जाऊ द्यायची नाही, असं त्याच रात्री मनाशी ठरवलं.

३ फेब्रुवारी. मी ऑफिसमध्ये असताना चुलतभावाने उपाय काढला. फाइलच्या नावातलं शेवटचं ‘वेबपी’ खोडून ‘जेपीजी’ लिहिलं. त्याच्या संगणकावर फोटो उघडले! काका आनंदाने पुन्हा प्रेसमध्ये गेले आणि तिथे पुन्हा तेच. वाण्याच्या बरणीवरची चिठ्ठी बदलली म्हणून आतली डाळ बदलत नाही, तसं हे आहे. काही प्रोग्रॅम चिठ्ठी न वाचता झाकण उघडून आत बघतात, म्हणून त्याच्याकडे फोटो दिसले. जुने प्रोग्रॅम चिठ्ठीवर विश्वास ठेवतात आणि आत वेगळंच काही सापडलं की थांबतात.

खात्री करायची असेल तर एक सोपी युक्ती आहे. फाइलची एक प्रत काढा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. सगळी अगम्य चिन्हं दिसतील, त्यांचा अर्थ लावायचा नाही. फक्त पहिली ओळ बघायची. वेबपी असेल तर अगदी सुरुवातीला इंग्रजीत आर-आय-एफ-एफ ही चार अक्षरं दिसतात आणि त्यांच्या थोडं पुढे डब्ल्यू-ई-बी-पी. जेपीजी असेल तर सुरुवातीलाच बहुधा जे-एफ-आय-एफ दिसतं. पीएनजीत पी-एन-जी. नाव काहीही असो, फाइल आतून काय आहे ते असं कळतं. बघून झालं की सेव्ह न करता बंद करायचं, नाहीतर ती प्रत बिघडते.

४ तारखेला मी एका ऑनलाइन कन्व्हर्टरवर बसले. एका वेळी वीसच फाइली, मग थांबा, मग पुन्हा वीस. चाळीस फोटो झाले आणि पुढची फाइल समोर आली ती देणगीदारांच्या जुन्या नोंदवहीच्या पानाची. नावं, पत्ते, कोणी किती रुपये दिले ते सगळं. त्यानंतर बालवाचकांचे फोटो. हे सगळं मी कोणाच्या तरी सर्व्हरवर चढवते आहे आणि तिथून ते कधी पुसलं जाणार हे मला ठाऊक नाही, हे लक्षात आल्यावर तिथेच थांबले. बागेतल्या फुलाचा फोटो असेल तर ऑनलाइन करायला हरकत नाही. माणसांचे चेहरे, आधार कार्ड, सह्या, कागदपत्रं मात्र आपल्याच संगणकावर बदलावीत.

आणि ते अवघड नाही. पाच-दहा फोटो असतील तर विंडोज १० किंवा ११ मधला साधा पेंट पुरतो. फोटो पेंटमध्ये उघडायचा, फाइल, सेव्ह अ‍ॅज, जेपीईजी. मॅकवर प्रीव्ह्यूमध्ये उघडून एक्स्पोर्ट. सरकारी अर्जाला फोटो लावायचा असेल आणि पोर्टल वेबपी नाकारत असेल, तर एवढंच करा. आकाराची मर्यादा असेल, समजा ५० केबी, तर पेंटमध्येच ‘रिसाइझ’ने पिक्सेल कमी करून सेव्ह करा.

चारशे बारासाठी मी एक्सएनकन्व्हर्ट वापरलं. खासगी वापरासाठी आणि ना-नफा संस्थांसाठी ते मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. कुठलंही असं सॉफ्टवेअर घेताना ते त्याच्या मूळ साइटवरून आणि नवीन आवृत्तीचंच घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी उघडणाऱ्या मूळ कोडमध्येच एक गंभीर त्रुटी सापडली होती आणि मोठमोठ्या ब्राउझरांना घाईने दुरुस्ती करावी लागली होती. जुनी आवृत्ती वापरण्यात तो धोका राहतो.

५ फेब्रुवारीला रात्री साडेनऊला बसले. ‘इनपुट’मध्ये अख्खा फोल्डर ओढून टाकला. ‘आउटपुट’मध्ये वेगळा रिकामा फोल्डर निवडला, म्हणजे मूळ फाइलींना धक्का लागणार नाही. प्रकार जेपीजी, दर्जा ९५. मूळ तारीख आणि फोटोतली माहिती तशीच ठेवण्याच्या खुणा केल्या. बटण दाबलं. तीन मिनिटांच्या आत सगळे फोटो झाले. बाईंचे आठ दिवस आणि ही तीन मिनिटं, मी बराच वेळ नुसती स्क्रीनकडे बघत राहिले.

नंतर एकेक तपासायला घेतले. हे तपासणं टाळू नका, कारण एकतीस फोटो काळे झाले होते. संस्थापकांचा फोटो कोणीतरी मागची भिंत कापून नुसता चेहरा ठेवून केलेला होता. वेबसाइटवर तो पांढऱ्यावर छान दिसायचा. आता चेहऱ्याभोवती काळंकुट्ट. वाचनालयाचं बोधचिन्ह, अध्यक्षांची सही, सगळ्यांचं तेच. कारण असं की वेबपीत पारदर्शक जागा ठेवता येते, जेपीजीत ती सोयच नाही. रिकाम्या जागी काहीतरी रंग भरावाच लागतो आणि सांगितलं नाही तर बरेचदा काळा भरला जातो. हे एकतीस मी जिम्प या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले, मागचा रंग पांढरा ठेवला, ‘इमेज’ मेन्यूतलं ‘फ्लॅटन इमेज’ दाबलं आणि मग जेपीजी केले. बोधचिन्ह आणि सही मात्र पीएनजीत ठेवली, कारण ती रंगीत पानावर बसवायची होती आणि पीएनजी पारदर्शक जागा सांभाळतं. रात्रीचा दीड वाजला.

आणखी एक गोष्ट तेव्हाच दिसली. वेबपीचा फोल्डर ५८ एमबीचा होता, जेपीजीचा १७१ एमबीचा झाला. काकांना फोनवर सांगितलं तर ते खूश, “म्हणजे क्वालिटी वाढली!” तसं नाही. वेबपी करताना जे बारकावे गेले ते गेले. जेपीजी ही त्या उरलेल्या चित्राची जरा ऐसपैस घडी आहे, इतकंच. हे मला तेव्हा माहीत होतं. तरीही त्याचा खरा अर्थ दोन दिवसांनी प्रेसमध्ये कळला.

७ फेब्रुवारी, शनिवार. शुक्रवारी रात्रीच्या एसटीने पुण्याहून निघून सकाळी रत्नागिरीत उतरले. प्रेसमध्ये डीटीपी करणाऱ्या दादांनी पेनड्राईव्ह लावला. सगळे फोटो उघडले. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दादांनी ‘जुनी इमारत १९५७’ उघडला, पानावर टाकला, ओढून मोठा केला आणि थांबले.

“ताई, उघडतायत. पण छापता नाही येणार.”

त्यांनी फोटोचे आकडे दाखवले. रुंदी ७६८ पिक्सेल, उंची ५१२. छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल लागतात. ७६८ भागिले ३००, म्हणजे अडीच इंच. हा फोटो मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर सात इंच रुंद छापायचा होता. दादांनी शंभर टक्क्यांवर झूम केलं. इमारतीच्या दारापाशी भिंतीवर एक करडा चौकोन दिसत होता, कशाचा ते कळत नव्हतं. ओसरीवर बसलेल्या माणसांचे चेहरे मेणासारखे गुळगुळीत. वेबपी बारीक पोत असा पुसून टाकतं, मोबाइलवर ते डोळ्यांना कळत नाही.

काका काही बोलले नाहीत. प्रेसचे मालक म्हणाले, १२ तारखेपर्यंत मजकूर द्यायचं ठरलंय, तुमच्यासाठी १४ पर्यंत थांबतो.

मी तिथेच बाकावर बसून बाईंनी सेव्ह केलेल्या फायलींची पहिली, नाव न बदललेली प्रत लॅपटॉपवर उघडली. (ती त्यांनी जपून ठेवली होती म्हणून पुढचं सगळं घडलं.) प्रत्येक फाइलच्या नावाच्या शेवटी ७६८ आणि ५१२ असे काहीतरी आकडे होते, मध्ये इंग्रजी एक्स. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वर्डप्रेसवर एक फोटो चढवला की तो त्याच्या चार-पाच लहान-मोठ्या प्रती काढतं आणि लहान प्रतींच्या नावात आकार लिहितं. पानावर दिसते ती लहान प्रत. मूळ फोटो सर्व्हरवर तसाच असतो. ब्राउझरमध्ये फोटोच्या पत्त्यातून तो आकड्यांचा शेपटा खोडला आणि एंटर मारलं. मोठा फोटो आला! वर्डप्रेस २०१९ च्या शेवटापासून फार मोठा फोटो २५६० वर आणतं आणि नावात ‘स्केल्ड’ असा शब्द जोडतं. मूळ फोटो त्याच्याही मागे असतो. तुमच्याकडे वेबसाइटचा पासवर्ड नसेल आणि दोन-चारच फोटो हवे असतील, तर आधी हा शेपटा खोडून बघाच. पण आलेला फोटो पुन्हा वेबपीच होता, कारण साइटवर फोटो वेबपी करणारं प्लगइन बसवलेलं होतं आणि ते मागेल त्याला वेबपीच वाढत होतं. आणि चारशे बारा पत्ते हाताने बदलायला वेळ नव्हता. सर्व्हरवरचा अख्खा फोल्डरच हवा होता.

त्यासाठी होस्टिंगचा, म्हणजे वेबसाइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे तिथल्या खात्याचा, पासवर्ड हवा. खातं माजी सचिवांच्या नावावर. ते आता मुलाकडे बेंगळुरूला असतात आणि खात्याला जोडलेला त्यांचा जुना मोबाइल नंबर बंद झालेला. ओटीपी जाणार कुठे? कंपनीच्या मदत-केंद्राने सांगितलं: संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, खातं कोणाच्या नावावर करायचं त्याचा ठराव, आणि त्या व्यक्तीचं ओळखपत्र. ८ तारखेला रविवार असूनही कार्यकारिणीची तातडीची सभा लावली. कोरम भरायला दोघांना घरून आणावं लागलं. ठराव झाला, इतिवृत्तात लिहिला, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या झाल्या. माजी सचिवांनीही फोनवर सगळं ऐकून घेऊन स्वतःहून संमतीचं पत्र स्कॅन करून पाठवलं. त्याचा फार उपयोग झाला.

सोमवारी ९ ला सगळं ईमेल केलं. मंगळवारी उत्तर आलं की ठरावाची प्रत अस्पष्ट आहे. पुन्हा स्कॅन केली. बुधवारी काहीच नाही. त्या दिवशी मी ऑफिसात बसून दर अर्ध्या तासाने मेल बघत होते, हातून एकही काम धड झालं नाही. गुरुवारी, १२ तारखेला दुपारी सव्वातीनला खातं उघडलं. शिल्लक नूतनीकरणाचे ३,५४० रुपये भरावे लागले, जीएसटी धरून. या सगळ्या कामात मोठा खर्च तेवढाच.

आत गेल्यावर ‘अपलोड्स’ नावाचा फोल्डर, त्यात वर्षांचे फोल्डर, त्यात महिन्यांचे. अख्खा फोल्डर झिप करून उतरवला. २.३ जीबी, रात्री अकरापर्यंत. ४१२ पैकी ३४१ फोटोंचे मूळ जेपीजी सापडले, २०२१ मध्ये चढवले तसेच. म्हणजे त्यांना रूपांतराची गरजच नव्हती. उरलेले ७१ नंतरच्या काळातले. तेव्हा प्लगइनमध्ये कोणीतरी ‘मूळ फाइल पुसा’ अशी खूण करून ठेवली होती, त्यामुळे त्यांचं वेबपीच उरलं. तुमच्या संस्थेच्या साइटवर असं प्लगइन असेल तर ती खूण आजच बघा. आमचे ७१ मूळ फोटो आता कुठेच नाहीत.

‘जुनी इमारत १९५७’ त्या ३४१ मध्ये होता. कोणीतरी सहा बाय चार इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके घेऊन, नीट स्कॅन केला होता, ३६०० पिक्सेल रुंद. मी झूम केलं. दारापाशी तो करडा चौकोन म्हणजे एक फळा होता. त्यावर खडूने लिहिलेलं: सकाळी ८ ते १०, सायंकाळी ५ ते ७. त्याखाली एक ओळ, ‘पुस्तके वेळेवर परत करावीत’. मी त्याच क्षणी बाईंना फोन लावला. रात्री साडेअकरा वाजले होते. त्या म्हणाल्या, “अगो, संध्याकाळची वेळ अजून तीच आहे.”

शेवटचे ७१ पुन्हा नीट रूपांतरित केले. या वेळी लहान प्रतींवरून नाही, सर्व्हरवरच्या सगळ्यात मोठ्या वेबपीवरून. दादांशी बोलून ते स्मरणिकेत लहान आकारात लावायचे ठरवले. जेपीजी केल्यावर त्यांत पुन्हा-पुन्हा उजेड वाढव, काप, सेव्ह कर असं केलं नाही, कारण प्रत्येक सेव्हला थोडं नुकसान होतं. छपाईचे चार रंग करायचं कामही दादांवरच सोडलं. त्यांना मशीन माहीत असतं.

एक फाटा राहिला. सध्याच्या कार्यक्रमांचे फोटो एका सदस्याने आयफोनवर काढले होते आणि ते एचईआयसी प्रकारात आले. आयफोन २०१७ पासून तसेच काढतो. तेही एक्सएनकन्व्हर्टमधून निघाले. पुढच्यासाठी त्यांच्या फोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करून दिलं. आता फोटो थेट जेपीजी निघतात.

१४ फेब्रुवारीला सगळं प्रेसमध्ये पोचलं. २० तारखेला प्रूफ हातात आलं. १९५७ च्या पानावर फळा वाचता येत होता. काकांनी खिशातून भिंग काढून तो वाचला आणि फोटोखालच्या ओळीत वाचनालयाच्या त्या वेळा घालायला लावल्या.

मूळ ३४१, मोठे वेबपी ७१ आणि छपाईचा फोल्डर असं सगळं एका नव्या हार्डडिस्कवर ठेवलं, दुसरी प्रत माझ्याकडे पुण्यात आहे. मूळ फोल्डरचं नाव बाईंनी दिलं: ‘मूळ – हात लावू नये’. हार्डडिस्क कपाटात ठेवण्याआधी त्यांनी दाखल नोंदवही काढली, पुस्तकांच्या रांगेत पुढचा दाखल क्रमांक घातला, शीर्षकाच्या रकान्यात ‘वाचनालयाची छायाचित्रे, ४१२’ असं लिहिलं आणि तो क्रमांक चिठ्ठीवर लिहून डिस्कच्या पाठीवर चिकटवला.